लाईट गेली, सर्व्हर परत उठले, आता डिस्कवरची कॅश परत कशी उभी करायची

जून ते सप्टेंबर मला एकच फोन परत परत येतो. कधी बेळगावच्या उद्यमबागेतून, कधी निपाणीहून, एकदा खानापुरातनं भर पावसात आला होता. "सर, लाईट गेलेली, जनरेटर पकडायच्या आत यूपीएस बसला, आता तिन्ही सर्व्हर अप आहेत पण साइट उघडंना झालीय." मी विचारतो, काय केलास मग? "काय नाही सर, कॅश क्लिअर केली, परत रिस्टार्ट मारला."

झालं. कॅश म्हणजे साइटच्या पानांच्या इथंच डिस्कवर ठेवलेल्या प्रती. असा तीनशे-चारशे जीबी माल हाताने फेकून दिला आणि आता सगळे लोक एकदम पुण्याच्या मूळ सर्व्हरवर जाऊन आदळतायत, मधली लाईन तेवढी जाड नाही, त्यामुळे साइट बंद. सर्व्हर बंद होते तेव्हा नव्हती एवढी बंद.

हा लेख ज्यांच्याकडे साधारण असा सेटअप आहे त्यांच्यासाठी: पुढे एचएप्रॉक्सी (येणारी मागणी सर्व्हरांत वाटणारा), मागे दोन-तीन एनजिनएक्स कॅश नोड (पानांच्या प्रती देणारे सर्व्हर), प्रत्येकाच्या डिस्कवर कॅश, आणि मूळ सर्व्हर म्हणजे ओरिजिन कुठंतरी लांब. कमांडची आणि सेटिंगची नावं आपण फोनवर बोलतो तशीच मराठीत लिहिलीत, टाइप करताना तुम्हाला कळतीलच.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ करायला लागणार नाहीत. एनजिनएक्सची कॅश दोन ठिकाणी असते, माल डिस्कवर आणि मालाची यादी रॅममध्ये, त्या यादीला कीज झोन म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूच्या ओळखीला की. रिस्टार्टमध्ये फक्त यादी जाते. मार्केट यार्डातल्या गोडाऊनसारखं समजा, बटाट्याची पोती जागेवर आहेत, वही तेवढी हरवलीय. वही परत लिहायला थोडा वेळ लागतो म्हणून कुणी पोती रस्त्यावर फेकतं का? पण कॅश क्लिअर करणारे तेच करतात.

पायरी ०: तुमचा क्लस्टर कुठल्या जातीचा आहे ते आधी ठरवा

हे लाईट जायच्या आधी, निवांत बसून बघायचं काम आहे. एचएप्रॉक्सीच्या कॉन्फिगमध्ये बॅकएंडखाली बॅलन्स ओळ बघा, मागणी कुठल्या नोडकडे जाते ते ती ठरवते.

राउंडरॉबिन (आळीपाळीने वाटप) असेल तर प्रत्येक नोडकडे जवळजवळ सगळाच माल आहे. मग एकेक नोड उठवून ट्रॅफिकला लावला तरी चालतं.

यूआरआय हॅश (पानाच्या पत्त्यावरून नोड ठरतो) असेल तर गोष्ट उलटी आहे. इथं तीन नोड म्हणजे प्रत्येकाकडे तिसरा हिस्सा माल. तुम्ही शहाणपणा करून एकच नोड आधी चालू केला तर बाकीच्या दोघांच्या वाटणीच्या यूआरएल पण त्याच्याकडे येतात, ज्या त्याच्या डिस्कवर कधी नव्हत्याच, आणि त्या सगळ्या मिस होऊन (कॅशमध्ये न सापडून, सापडलं तर हिट) ओरिजिनवर जातात. वर त्याच्या डिस्कवर नको तो माल भरतो आणि मॅक्स साइज (कॅशची कमाल मर्यादा) गाठली की त्याचा स्वतःचा जुना माल बाहेर पडतो. म्हणजे दुहेरी नुकसान. हॅश असेल तर तिन्ही नोडच्या याद्या आधी तयार करायच्या, ट्रॅफिक न देता, आणि मग तिघांना एकत्र पण हळूहळू उघडायचं.

हॅश टाइप सुद्धा बघून ठेवा. एचएप्रॉक्सीत काही लिहिलं नसेल तर मॅप-बेस्ड धरलं जातं, त्यात एक नोड पडला की बहुतेक यूआरएलची वाटणी बदलते. कन्सिस्टंट लिहिलं असेल तर फक्त पडलेल्या नोडचा हिस्सा हलतो. आमच्यासारख्या लाईट जाणाऱ्या भागात कन्सिस्टंट नसेल तर मी तो सेटअप अर्धवट समजतो. पण ते बदलायचं शांत दिवशी, आज नाही, कारण बदलताना पण वाटणी हलतेच.

पायरी १: ट्रॅफिक तोडा

सर्व्हर उठले की एनजिनएक्स आपोआप चालू होतो आणि एचएप्रॉक्सीची हेल्थ चेक (नोड चालू आहे का ती तपासणी) लगेच हिरवी होते, कारण बहुतेकांनी हेल्थ चेकला एक छोटं "ओके" पान दिलेलं असतं जे एनजिनएक्स स्वतःच देतो, कॅशचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून यादी तयार नाही, डिस्क माउंट आहे का, म्हणजे जोडली गेलीय का, माहीत नाही, तरी नोड "अप".

तर पहिलं काम, एचएप्रॉक्सीच्या ॲडमिन सॉकेटवरून (चालू असतानाच कमांड द्यायची वाट) तिन्ही सर्व्हर मेंट स्टेटमध्ये (देखभालीसाठी बाहेर) टाका आणि लोकांना "थोड्या वेळात येतोय" असं साधं पान दाखवा. क्लायंट ओरडतो, ओरडू दे. वीस मिनिटं पाटी लावलेली परवडली, तीन तास अर्धवट उघडणारी साइट परवडत नाही. आणि सॉकेटवरून केलेले बदल एचएप्रॉक्सी रीलोड केला की जातात, स्टेट फाइल लावून ठेवली नसेल तर, त्यामुळे मध्येच कुणी एचएप्रॉक्सी रीलोड करू नये म्हणून टीममध्ये सांगून ठेवा.

कायमचा उपाय मी असा केलाय. हेल्थ चेकचं पान तेव्हाच २०० ("ठीक आहे") देतं जेव्हा रन डिरेक्टरीत एक ठराविक फाइल असते. रन डिरेक्टरी रॅममध्ये असते, रीबूट झालं की ती फाइल आपोआप गायब. म्हणजे लाईट जाऊन आली की नोड स्वतःहून ट्रॅफिकच्या बाहेर राहतो, माणूस येऊन सगळं तपासून ती फाइल टच (तयार) करेपर्यंत. रात्री अडीचला झोपेतनं उठून सॉकेटच्या कमांड आठवायला लागत नाहीत.

⚠ इथं कॅश फोल्डरमध्ये आरएम मायनस आरएफ (सगळं पुसणारी कमांड) मारायचं नाही. पुढच्या कुठल्याच पायरीला पण नाही, एक अपवाद सोडून, तो पायरी ४ मध्ये आहे.

पायरी २: डिस्क तीच आहे का, आणि खरंच लागलीय का

एनजिनएक्स चालू असेल तर आधी बंद करा. आता फाइंडमाउंटने बघा, कॅशच्या पाथवर कॅशची डिस्क माउंट आहे का. मी जेवढ्या केस बघितल्या त्यातल्या बऱ्याच इथंच सुटतात. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठं जोडायची ती यादी) नोफेल (डिस्क नसली तरी बूट हो) लिहिलेलं असतं, डिस्क वेळेवर उठत नाही किंवा तिचं नाव एसडीबीचं एसडीसी होतं, मशीन मुकाट बूट होतं आणि एनजिनएक्स रिकाम्या फोल्डरात, म्हणजे रूट डिस्कवर, नवी कॅश लिहायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं कॅश उडाली. उडालेली नसते, शेजारी बसलेली असते. तासाभरात रूट डिस्क भरते आणि मग एसएसएच पण नीट चालत नाही.

यावर तीन गोष्टी एकदाच करून ठेवा:

- एफएसटॅबमध्ये डिव्हाइसचं नाव नको, यूयूआयडी (डिस्कची न बदलणारी ओळख) लिहा.
- एनजिनएक्सच्या सिस्टमडी युनिटला (सर्व्हिस कशी चालू करायची ती फाइल) रिक्वायर्स माउंट्स फॉर ही ओळ कॅशच्या पाथसकट द्या, म्हणजे माउंट नाही तर सर्व्हिस नाही.
- डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर चॅटर प्लस आय मारा. मग चुकून माउंट नसलं तरी तिथं रूटला सुद्धा काही लिहिता येत नाही. हा जुगाड मला सगळ्यात आवडतो.

माउंट झालीय? मग फाइलसिस्टमचं बघू. ईएक्सटी४ असो की एक्सएफएस, जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) माउंट होतानाच रीप्ले होतं, बहुतेक वेळा तुम्हाला काही करायला लागत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलचे मेसेज) एरर दिसत असतील तरच रिपेअर, आणि ती अनमाउंट करूनच. एक्सएफएस रिपेअरला कॅपिटल एल लावायचा मोह होतो, तो लावला की न लिहिलेलं जर्नल, म्हणजे लॉग, फेकलं जातं. आधी साधं माउंट होतंय का बघा, माउंट झालं की लॉग आपोआप लागतो.

रेड (अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या) असेल तर एमडीस्टॅट फाइल बघा. रीसिंक (डिस्क एकमेकींशी परत जुळवणं) चालू असेल तर डिस्क आधीच धापा टाकतेय, त्यावर कॅश लोड करणार, त्यावर ट्रॅफिक सोडणार, मग सगळंच रांगतं. थांबता येत असेल तर त्या नोडला शेवटी घ्या.

✔ तपासणी: डीएफ मायनस एचने जागा बघा आणि डीएफ मायनस आयने आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) बघा, दोन्ही. लाखो बारीक फाइली असल्या की जागा शिल्लक असून आयनोड संपतात आणि एरर मात्र "जागा नाही" असाच येतो. मोकळी जागा नेहमीपेक्षा जास्त लागणार आहे, का ते पायरी ५ मध्ये.

पायरी ३: घड्याळ

हे कुणीच बघत नाही. जुन्या सर्व्हरच्या मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी मेलेली असते, जोपर्यंत लाईट आहे तोपर्यंत कळत नाही, लाईट गेली की घड्याळ कुठंतरी मागच्या सालात. कॅशमधल्या प्रत्येक वस्तूची मुदत ही वेळेवरच ठरते. घड्याळ मागे असलं तर शिळा माल ताजा म्हणून जातो, कालच्या भाजीपाल्याचे भाव आजचे म्हणून दिसतात. पुढे असलं तर सगळा माल एकदम एक्स्पायर्ड, आणि ओरिजिनवर धाड.

क्रोनी (वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) ट्रॅकिंग बघा, तिन्ही नोडची वेळ जुळलीय याची खात्री करा, मगच पुढे. एनजिनएक्स चालू केल्यावर घड्याळ उडी मारून दुरुस्त होणं सगळ्यात वाईट, म्हणून हे आधी.

पायरी ४: कॉन्फिगला हात लावू नका, पण वाचा

रिस्टार्ट झालाच आहे तर लगे हाथ कॉन्फिग पण सुधारू, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही पायरी. कॅशच्या सेटिंगमध्ये चार गोष्टी आहेत ज्या बदलल्या किंवा कमी पडल्या की डिस्कवरचा माल असून नसल्यासारखा होतो.

लेव्हल्स. फाइलचं नाव म्हणजे कीचा एमडी५ (कीवरून काढलेला ठराविक लांबीचा कोड), आणि ती कुठल्या उपफोल्डरात आहे ते लेव्हल्सवरून ठरतं. १:२ चं २:२ केलं की एनजिनएक्स नव्या पत्त्यावर शोधतो, जुनी फाइल जुन्या पत्त्यावर बसून जागा खाते. हाच तो अपवाद, खरंच लेव्हल्स बदलायचेच असतील तर जुनी फोल्डरं नंतर हाताने काढायला लागतात, आणि तेही एका वेळी एकाच नोडवर.

कॅश की. यात प्रॉक्सी होस्ट वापरलं असेल, डिफॉल्टमध्ये असतंच, तर अपस्ट्रीमचं (कॉन्फिगमध्ये ओरिजिनला दिलेलं) नाव बदलणं म्हणजे सगळ्या की बदलणं. कुणीतरी "पुणे-ओरिजिन" चं "ओरिजिन-वन" केलं, दिसायला निरागस बदल, संध्याकाळपर्यंत शंभर टक्के मिस.

कीज झोनची साइज. १ एमबीत साधारण ८ हजार की मावतात. तुमच्याकडे ८ लाख फाइली असतील तर १०० एमबी नुसत्या त्यालाच, मी १५० ते २०० देतो. कमी पडली तर काय होतं? यादी लिहिणाऱ्याला वहीत जागा मिळाली नाही की तो ती फाइल डिस्कवरून काढून टाकतो. वही भरली म्हणून पोतं बाहेर. एरर लॉगमध्ये "कुड नॉट अलोकेट नोड इन कॅश कीज झोन" असं दिसलं तर हेच चाललंय, लगेच थांबवा, झोन वाढवा, परत चालू करा.

इनॅक्टिव्ह. हा सगळ्यात लबाड. डिफॉल्ट १० मिनिटं. म्हणजे १० मिनिटांत कुणी मागितली नाही ती वस्तू, ताजी असो वा शिळी, कॅश मॅनेजर (जुना माल काढणारी प्रोसेस) उडवतो. रोजच्या ट्रॅफिकमध्ये निदान गरम, म्हणजे सारखा मागितला जाणारा, माल तरी टिकतो. पण आता बघा गंमत, तुम्ही माझं ऐकून ट्रॅफिक तोडलंत, यादी लोड होऊ दिलीत आणि चहाला गेलात. लोड झालेल्या प्रत्येक वस्तूचे १० मिनिटं तिथूनच सुरू होतात. रेल्वे गेटला गाडीसाठी अडकून परत येईपर्यंत मॅनेजरने सगळं साफ केलेलं. म्हणून ट्रॅफिक तोडून थांबायचं असेल तर इनॅक्टिव्ह आधी बघा, निदान काही दिवसांचं असू दे, आमचं ७ दिवस आहे. झोन कमी पडल्याचा एरर सोडला तर ही एकच व्हॅल्यू अशी आहे जी मी ऐनवेळी पण बदलायला सांगतो.

⚠ पॅकेज अपडेट या वेळी नको. एनजिनएक्सच्या आवृत्तीत कॅश फाइलच्या हेडरचा नमुना बदलला असेल तर जुन्या फाइली "व्हर्जन मिसमॅच" म्हणून मिस धरल्या जातात, आणि तो मेसेज इन्फो लेव्हलला असल्यामुळे नेहमीच्या लॉगमध्ये दिसत पण नाही. ऑटो अपडेट लावलेली मशीन रीबूटनंतर नव्या आवृत्तीवर उठलीय का एवढं बघून घ्या.

पायरी ५: एनजिनएक्स चालू करा आणि लोडरला काम करू द्या

आधी एरर लॉगची लेव्हल नोटिसवर आणा, नाहीतर लोडर संपल्याचं कळणार नाही. मग मायनस टी ने कॉन्फिग तपासून स्टार्ट.

आता घाई करू नका. डिस्क बघून यादी परत लिहिणारी कॅश लोडर नावाची वेगळी प्रोसेस आहे, ती स्टार्ट झाल्यावर साधारण १ मिनिटाने कामाला लागते. त्या पहिल्या मिनिटात "काहीच होईना" म्हणून परत रिस्टार्ट मारणारे मी डोळ्यानं बघितलेत, परत एक मिनिट, परत रिस्टार्ट. लोडरला एकदा पण सुरू होऊ दिलं नाही त्यांनी.

लोडर एका दमात १०० फाइली किंवा २०० मिलिसेकंद, जे आधी होईल तेवढं, आणि मग ५० मिलिसेकंद विश्रांती घेतो. हे डिफॉल्ट. ८ लाख फाइलींचा हिशोब करा: ८ हजार फेऱ्या, नुसती विश्रांतीच ४०० सेकंद म्हणजे पावणेसात मिनिटं. एसएसडी असेल तर यापेक्षा थोडं जास्त. फिरणारी डिस्क असेल आणि प्रत्येक फेरीला पूर्ण २०० मिलिसेकंद लागले तर २ हजार सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाच्या वर. ट्रॅफिक नसताना लोडर फाइल्स १ हजार आणि लोडर स्लीप कमी केलं तर काम लवकर होतं, पण ट्रॅफिक चालू असताना हे करू नका, डिस्क तिकडेच अडकते. आणि हे आकडे आधीच कॉन्फिगमध्ये ठरवून ठेवा, मधे बदलत बसू नका.

एक गैरसमज इथं काढतो. लोड पूर्ण व्हायच्या आधी मागणी आली तर एनजिनएक्स थेट मिस म्हणत नाही, यादीत की नसली तरी डिस्कवर फाइल आहे का ते जाऊन बघतो, असली तर हिट देतो. मग थांबायचं कशाला? दोन कारणं. एक, लोडर आणि लोक दोघे एकाच डिस्कवर ओढाताण करतात. दुसरं जास्त महत्त्वाचं, मॅक्स साइजचा हिशोब यादीवरून होतो, जे अजून यादीत नाही ते मॅनेजरला दिसतच नाही. डिस्कवर ३८० जीबी भरलेलं असताना त्याला वाटतं ४० च आहे, तो नवा माल आनंदाने घेतो, आणि डिस्क फुल्ल. मघाशी मोकळी जागा बघायला सांगितली ती यासाठी.

✔ तपासणी: पीएस मध्ये "कॅश लोडर प्रोसेस" दिसत असेल तर काम चालू आहे. ती नाहीशी झाली आणि कॅश मॅनेजर तेवढा उरला की संपलं. लॉगमध्ये "एचटीटीपी फाइल कॅश" अशी ओळ, पुढे पाथ आणि एमबीत साइज. ती साइज डिस्कवरच्या आकड्याच्या जवळपास हवी. निम्मीच दिसली तर पुढे जाऊ नका, पायरी ४ परत वाचा.

लॉगमध्ये "इज टू स्मॉल" असे काही मेसेज आले तर घाबरू नका, लाईट गेली त्या क्षणी अर्धवट लिहिल्या जात असलेल्या फाइली आहेत, लोडर स्वतःच त्या काढतो. हजारोंनी येत असतील तर मात्र डिस्क परत तपासा. आणि कॅश फोल्डरात स्वतःच्या फाइली, बॅकअप, नोट्स असलं काही ठेवू नका. लोडरला ओळखू न आलेली फाइल तो कचरा म्हणून काढतो. एकाने डेटाबेसचा डंप "मोठी डिस्क आहे" म्हणून तिथं ठेवला होता, त्यावर जास्त बोलत नाही.

पायरी ६: ज्या नोडची डिस्कच गेली त्याचं काय

राउंडरॉबिन असेल तर चांगल्या नोडवरून आरसिंकने फाइली कॉपी करा. एनजिनएक्स दोन्हीकडे चालू ठेवून कॉपी करत बसू नका, निदान ज्यात ओततोय तो बंद हवा, कारण चालू एनजिनएक्सची यादी लोड होऊन गेली की नंतर आलेल्या फाइली त्याला दिसत नाहीत.

कॉपी रूटने केली की मालकी चुकू शकते. कॅश फाइली फक्त मालकाला वाचता येतात, एनजिनएक्सचा वर्कर (मागण्या हाताळणारी प्रोसेस) वेगळ्या यूजरने चालतो, सगळीकडे परमिशन डिनाइड. दोन मशीनवर यूजरचा नंबर पण वेगळा असू शकतो, नावं सारखी दिसतात म्हणून फसू नका. कॉपीनंतर सीएचओन मायनस आरने मालकी बदला, आणि एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा) चालू असेल तर रीस्टोरकॉन.

हॅश असेल तर आरसिंकचा उपयोग नाही, त्या नोडचा हिस्सा दुसऱ्या कुणाकडे नाहीच. तो नोड रिकामाच उठणार, त्याला सगळ्यात कमी मॅक्सकॉन (एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा).

पायरी ७: गरम माल वर काढा

यादी आली म्हणजे माल रॅममध्ये आला असं नाही. लोडर फाइलींची फक्त माहिती घेतो, आतलं वाचत नाही. पहिला हिट डिस्कवरूनच येणार. म्हणून त्या नोडच्या कालच्या ॲक्सेस लॉगमधून (कुणी काय मागितलं त्याची नोंद) सगळ्यात जास्त मागितलेल्या दोनेक हजार यूआरएल काढा आणि नोडवरच बसून, होस्ट हेडर बरोबर देऊन, कर्लने चार-चारच्या तुकडीत मागवा. एकदम शंभर नको.

आमच्याकडे यात एक खास खड्डा आहे. इथल्या बातम्यांच्या साइटवर मराठी आणि कन्नड दोन्ही लिपीत यूआरएल असतात, त्या टक्क्याच्या खुणा आणि अक्षरं अशा रूपात जातात. की मध्ये रिक्वेस्ट यूआरआय जसाच्या तसा घेतला असेल तर इंग्रजी कॅपिटल ई आणि स्मॉल ई वेगळ्या की बनवतात. एखाद्या स्क्रिप्टने यूआरएल उलगडून परत गुंडाळली आणि स्मॉल अक्षरं वापरली की तुम्ही गरम करताय ते भलतंच, लोकांना लागणारं थंडच, वर ओरिजिनवर दुप्पट फेऱ्या. लॉगमधली यूआरएल जशी आहे तशीच वापरा, सुंदर करायला जाऊ नका.

✔ तपासणी: या फेरीत जवळपास सगळे हिट दिसायला हवेत. एक्स्पायर्ड चालेल. मिस जास्त असेल तर ट्रॅफिक उघडू नका, की जुळत नाहीय.

पायरी ८: ट्रॅफिक सोडा, नळासारखं

उघडायच्या आधी ओरिजिनला कुंपण घाला. चार गोष्टी:

- यूज स्टेलमध्ये एरर, टाइमआउट, अपडेटिंग असू दे आणि बॅकग्राउंड अपडेट ऑन. जुनं पान आधी द्या, नवं मागून आणा.
- रिव्हॅलिडेट ऑन. मुदत संपलेली वस्तू बदलली नसेल तर ओरिजिन फक्त ३०४ म्हणतो, पूर्ण पान लाईनवरून येत नाही. बारीक लाईनवाल्यांनी हे लावलंच पाहिजे.
- कॅश लॉक (एका वस्तूसाठी एकच जण ओरिजिनवर जातो, बाकीचे थांबतात) ऑन, पण त्याचा टाइमआउट बघून. डिफॉल्ट ५ सेकंद, आणि तो संपला की थांबलेले सगळे ओरिजिनवर सुटतात आणि त्यांचं उत्तर कॅश पण होत नाही. ओरिजिन आज दमलेला आहे, ७ सेकंद घेतोय, म्हणजे लॉक असून नसल्यासारखं. आजच्यापुरतं लॉक टाइमआउट आणि लॉक एज दोन्ही ३० सेकंद करा.
- अपस्ट्रीमला मॅक्स कॉन्स (एका वेळी जास्तीत जास्त किती जोडण्या). अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये झोन (सगळ्या वर्करांची सामाईक रॅम) लिहिला नसेल तर ही मर्यादा प्रत्येक वर्करला वेगळी लागते, ८ वर्कर असतील तर २० चे १६० होतात.

मग नोड उघडा. राउंडरॉबिनवाल्यांनी एकेक, हॅशवाल्यांनी तिन्ही एकदम पण कमी मॅक्सकॉनने. एचएप्रॉक्सीचा स्लोस्टार्ट (नोडचं ट्रॅफिक हळूहळू वाढवणं) ५ मिनिटं लावलेला असतो आणि लोक त्याच्यावर भरवसा ठेवून बसतात, पण लाईट गेल्यावर एचएप्रॉक्सी पण रिस्टार्ट झालेला असतो, आणि एचएप्रॉक्सी स्वतः उठताना स्लोस्टार्ट लागूच होत नाही, आधी डाउन दिसलेला सर्व्हर परत अप झाला तरच लागतो. पायरी १ मधली रन फाइलची युक्ती इथं पण कामाला येते, फाइल नाही म्हणून हेल्थ चेक पडते, नोड डाउन दिसतो, फाइल टच केली की अप, आणि स्लोस्टार्ट नीट चालतो.

ॲक्सेस लॉगमध्ये अपस्ट्रीम कॅश स्टेटस छापत असालच, नसाल तर आजपासून छापा. दर मिनिटाला शेवटच्या हजार ओळींत हिट किती, मिस किती मोजा. हिट वाढत असेल किंवा स्थिर असेल तर पुढचं वेट (ट्रॅफिकचा वाटा) द्या. मिस चढत असेल तर नवीन नोड उघडू नका, आहे तोच परत कमी करा, ओरिजिनला श्वास घेऊ दे.

एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, निकालाच्या दिवशी लाईट गेली तर हे सगळं दुप्पट सावकाश करा. त्या दिवशी लोक निकाल येईपर्यंत पान रिफ्रेश करत बसतात, पाटी बघून पण रिफ्रेश करतात.

पायरी ९: आवराआवर

रात्री ट्रॅफिक उतरल्यावर करायचं. लॉक टाइमआउट, लोडरचे वाढवलेले आकडे, एरर लॉगची लेव्हल हे सगळं जुन्या जागी आणून रीलोड करा, रिस्टार्ट नको. रीलोडमध्ये झोन तोच आणि तेवढाच असेल तर यादी रॅममध्ये तशीच राहते. झोनची साइज बदललीत तर रीलोडने पण यादी नव्याने लिहिली जाते, म्हणजे पायरी ५ परत. सॉकेटवरून दिलेली वेट आणि मेंट स्टेट कॉन्फिगशी जुळतात का बघा, नाहीतर पुढच्या आठवड्यात कुणीतरी एचएप्रॉक्सी रीलोड करेल आणि भलताच नोड उघडेल. रूट डिस्कवर चुकून लिहिली गेलेली कॅश राहिलेली असेल तर ती माउंटच्या खाली दडलेली असते, डीयूला दिसत नाही, रूटला दुसरीकडे बाइंड माउंट करून बघा आणि तिथून काढा. बोर्डाची बॅटरी मेलेली निघाली होती ना, ती उद्या दुकान उघडल्यावर आणून बदला, आणि यूपीएस किती मिनिटं टिकतो ते जनरेटर बंद ठेवून एकदा घड्याळ लावून मोजा.